ठराव नको, कायदा हवा : नरसी नामदेवहून एआयविषयी

आमच्या नरसीत लहान पोरालाही औंढ्याची गोष्ट पाठ असते. नामदेव औंढा नागनाथाच्या देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना जातीने शिंपी म्हणून देवळाच्या मागे हाकलले, आणि मग देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. परतवारीच्या एकादशीला कयाधूच्या काठी लोकांचा पूर लोटतो तेव्हा ही गोष्ट दर शंभर पावलांवर कोणी ना कोणी सांगत असतो. आम्ही आंबेडकरी घरांतली पोरे ती ऐकतच मोठी झालो, आणि दरवेळी आमच्या मनात एकच शंका यायची. देऊळ फिरले हे ठीक, पण हाकलणाऱ्यांचे पुढे काय झाले? त्यांना जाब कोणी विचारला? गोष्टीत त्याचे उत्तर नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली गांधींना उत्तर देताना संतांबद्दल जो आक्षेप घेतला, तो असाच होता. देवापुढे सगळी माणसे सारखी, असे संतांनी सांगितले. माणसापुढे माणूस सारखा, यासाठी त्यांनी लढा उभारला नाही. नामदेवांबद्दल आम्हाला आदर आहे. चोखोबांना जवळ करणारा हा माणूस आमच्या गावचा, त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातून लोक इथे डोके टेकवायला येतात, याचा अभिमानही आहे. पण उपदेश आणि कायदा यांतला फरक आम्ही बाबासाहेबांकडून शिकलो, आणि तो आज पुन्हा मांडावा लागतो आहे, कारण सरकारदरबारी सध्या एका नव्या उपदेशाची चलती आहे. त्याचे नाव 'जबाबदार एआय'.

आधी हा विषय आमच्या वस्तीत कसा आला ते सांगतो. गेल्या वर्षी एका मावशीचे नाव एका योजनेच्या यादीतून कटले. कोणती योजना, कोणते कार्यालय, हे मुद्दाम लिहीत नाही. तिथला बाबू बिचारा आमच्याइतकाच अंधारात होता. मावशी तीन खेपा घालून आल्या. त्यांना सांगितले गेले ते त्यांच्याच शब्दांत : "मशीननं नाव काढलं म्हन्ले, आमच्या हातात काही न्हाई." चौथ्या खेपेला आमच्यातले तिघे सोबत गेले. नाव कशामुळे निघाले? माहीत नाही. निर्णय कोणी घेतला? सिस्टिमने. सिस्टिम कोणाची? वरची. अपील कुठे करायचे? त्याचा रकानाच नाही. हे एआय होते, की दोन याद्या जुळवणारा साधा प्रोग्रॅम होता, हेही कोणी सांगू शकले नाही.

पूर्वी नाव कोण कापायचे हे गावाला कळायचे. तलाठी असो, ग्रामसेवक असो, सरपंचाच्या मर्जीतला कोणी असो, त्याला आडनाव होते, चेहरा होता. त्याच्या दारात बसता यायचे, मोर्चा नेता यायचा. प्रकरण जातीवर गेले तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा होता, आणि सरकारी नोकराने कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली तर त्याच कायद्याचे कलम ४ होते. त्या कायद्यात आरोपी म्हणजे माणूस, तोही अनुसूचित जाती-जमातींचा नसलेला. मशीनला जातीचा दाखला नसतो. मशीनवर फिर्याद कशी नोंदवायची? भेदभाव झाला आणि भेदभाव करणारा कोणीच नाही, अशी सोय याआधी मनूलाही जमली नव्हती.

एका मावशीचे सोडा. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेच सांगितले की लाडकी बहीण योजनेतल्या २६ लाख ३४ हजार खात्यांचे पैसे जूनपासून थांबवले आहेत; माहिती तंत्रज्ञान विभागाने निरनिराळ्या खात्यांच्या याद्या ताडून ही नावे काढली होती. त्यांत खरोखर अपात्र लोकही होते, पुरुषांनीसुद्धा पैसे उचलले होते, हे खरे. पण लाखो नावे एका फटक्यात थांबवताना त्यांतल्या प्रत्येकीला आधी कारण कळवण्याची, तिचे म्हणणे ऐकण्याची पद्धत काय होती? पुढे ई-केवायसी आली, तिच्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. विधवा आणि टाकलेल्या बायांनी कोणाचा आधार आणायचा? ओरड झाल्यावर त्यांच्यासाठी वेगळी वाट काढावी लागली. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ज्या घराचे चित्र होते, त्यात या बाया नव्हत्याच.

शेजारच्या तेलंगणात हे आणखी पुढे गेले. १९४८ पर्यंत आमचा मराठवाडाही त्याच हैदराबाद संस्थानात होता, म्हणून तिकडची बातमी आम्हाला परकी वाटत नाही. तिथल्या सरकारने 'समग्र वेदिका' नावाची संगणक प्रणाली उभारली. निरनिराळ्या खात्यांतली माहिती जोडून अमुक माणसाकडे गाडी आहे की नाही, घर आहे की नाही, हे ती ठरवू लागली. नावात साधर्म्य असले की एकाची गाडी दुसऱ्याच्या नावावर. २०१४ ते २०१९ या काळात त्या राज्यात १८ लाखांहून अधिक रेशनकार्डे रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये, रद्द केलेल्या कार्डांची घरोघरी जाऊन पुन्हा पडताळणी करा, असा आदेश दिला. तोपर्यंत कित्येक घरांनी कित्येक वर्षे बाजारभावाने तांदूळ विकत घेतला होता. तो पैसा कोणी परत केला?

आणि हे वाढतच जाणार आहे. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतला घरी न्यायचा आहार चेहरा जुळल्याशिवाय द्यायचा नाही, असा केंद्राचा नियम आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी जो नवा रोजगार कायदा आला, त्याच्या मजकुरातच बायोमेट्रिक हजेरी आणि गैरव्यवहार शोधण्यासाठी एआय आहे. ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवली, त्याच महाराष्ट्रातल्या मजुराला आता हजेरीसाठी मोबाइलसमोर चेहरा धरावा लागतो. चेहऱ्याचे म्हणाल तर २०१८ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. चेहरा पाहून बाई की पुरुष हे सांगणाऱ्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक ०.८ टक्के निघाली आणि काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत एका कंपनीची चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. हळदीच्या रानात उन्हात राबणाऱ्या आमच्या आयाबहिणींवर अशी तपासणी कोणी केली आहे काय?

पोलिसांचेही तेच. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने नागपुरात 'मार्व्हल' नावाची कंपनी उभी केली, पोलिसांसाठी एआय तयार करायला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीने बनवलेली 'महाक्राइमओएस' प्रणाली राज्यातल्या १,१०० पोलीस ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. ठाणे आमच्या नरसीतही आहे. गुन्ह्याची कागदपत्रे वाचायची, तपासाला मदत करायची, असे तिचे काम सांगितले जाते, आणि सायबर चोरांनी लुटलेल्या म्हाताऱ्याला तिच्यामुळे न्याय लवकर मिळाला तर आम्ही टाळ्याच वाजवू. पण पोलिसांच्या जुन्या कागदांत काय भरले आहे? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांना जन्मापासून चोर ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. जितक्या धाडी तितक्या अटका, जितक्या अटका तितक्या नोंदी. या नोंदी शिकून उद्या एखादे मशीन संशयित सुचवू लागले, तर ते कोणाचे नाव सुचवेल?

इथे कोणी म्हणेल की आंबेडकरी पोरे यंत्रांना विरोध करायला लागली. मुळीच नाही. यंत्रे नकोत, चरखा हवा, हे गांधींचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी त्याचा खरपूस समाचार घेतला आहे; यंत्रामुळे श्रमणाऱ्या माणसाला उसंत मिळते आणि उसंतीशिवाय संस्कृती नाही, ही त्यांची बाजू. गावाबद्दलचे त्यांचे मत तर ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतल्या भाषणात नोंदलेले आहे. गावच्या पाटला-तलाठ्याच्या हातून पैसे सुटून थेट बँकेत येऊ लागले, यात सर्वांत जास्त फायदा आमचाच झाला. अनेक पोरे आम्हाला म्हणतात, "दादा, माणसापेक्षा मशीन बरं, त्याला जात तरी नसते." ही आशा आम्हालाही होती. म्हणून ती नीट तपासून पाहिली पाहिजे.

मशीनला जात कशी कळते? सांगावी लागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर आले. चांगला निर्णय, आम्ही त्याचे स्वागत केले. पण कर्ज फेडण्याची पत मोजणाऱ्या किंवा नोकरीचे अर्ज चाळणाऱ्या प्रोग्रॅमला भीमनगर वाचून तेच कळते, जे जुने नाव वाचून कळले असते. आडनाव, वस्ती, कोणत्या आश्रमशाळेत शिकला, वडिलांचा धंदा, शिष्यवृत्तीचा प्रकार : जात या पाच धाग्यांनी विणलेली आहे, आणि धागे जोडणे हेच तर या मशीनचे काम. २०२५ मध्ये एका दलित संशोधकाचा अनुभव छापून आला. त्याने चॅटजीपीटीकडून आपला अर्ज इंग्रजीत नीट करून घेतला, तर मशीनने त्याचे आडनावच बदलून उच्चवर्णीय करून टाकले. कोणी शिकवले त्याला, की संशोधक म्हणजे अमुक आडनावाचा? कोणी नाही. आपल्या समाजाने लिहून ठेवलेले जे ढीगभर त्याने वाचले, त्यात तेच होते.

म्हणून रकाना खोडून भागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढायला लावला. तुरुंगात जात पाहून झाडू आणि स्वयंपाक वाटले जात होते. तिथे तो निकाल अगदी योग्य होता. एआयच्या बाबतीत मात्र गोष्ट थोडी अवघड आहे. निर्णय घेताना मशीनने जात पाहू नये हे खरे, पण निर्णय झाल्यावर कोणाकोणाची नावे कटली ते जातवार मोजले नाही, तर भेदभाव सिद्ध कसा करणार? 'आम्ही जात विचारतच नाही' ही ढाल आपण खासगी क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या बाबतीत खूप वर्षे पाहिली आहे. जनगणनेत जात मोजायची हे एप्रिल २०२५ मध्ये केंद्राला मान्य करावे लागले. मग मशीनच्या निर्णयांत ती का मोजायची नाही?

आता उपदेशाकडे येऊ. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एआयची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत सात 'सूत्रे' आहेत. (सूत्रांशी आमचा परिचय जुना आहे.) त्यांत समन्याय आहे, भेदभाव नको हेही आहे, उत्तरदायित्व आहे, सगळे गोड आहे. फक्त वेगळ्या कायद्याची आज गरज नाही, असे म्हटले आहे. राज्यांचेही असेच चालले आहे. तमिळनाडूने २०२० सालीच एआयचे धोरण काढले. महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये शेतीतल्या एआयसाठी धोरण मंजूर करून ५०० कोटी ठेवले. ही सगळी धोरणे. धोरण मोडले म्हणून कोणाला शिक्षा झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मित्रांनो, हे आपण एकदा पाहिले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा स्वतःचा ठरावही केला. कागदावर तळे खुले होते. एकाही माणसाने पाणी प्यायले नाही, कारण प्यायला गेल्यावर डोके फुटले तर ठराव मलमपट्टी करत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली आणि डोकी फुटलीच. पुढे काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ठराव एका बैठकीत येतो आणि एका बैठकीत जातो. तळ्यावरचा हक्क पक्का झाला तो १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने, दहा वर्षांच्या खटल्यानंतर. बोले यांचा हेतू चांगला होता, याबद्दल शंका नाही. १९२६ साली, जी नगरपालिका ऐकणार नाही तिचे अनुदान रोखा, असा पुढचा ठरावही त्यांनीच आणला. म्हणजे नुसत्या सदिच्छेने भागत नाही, हे त्यांनाही तीन वर्षांत कळले होते. 'जबाबदार एआय'च्या सात सूत्रांना आम्ही १९२३ चा ठराव समजतो.

राज्याला असा कायदा करता येतो का, हा पहिला वकिली प्रश्न. माहिती तंत्रज्ञान केंद्राचा विषय आहे म्हणून हात झटकले जातात. सातवी अनुसूची उघडून पाहा. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, शेती, आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था राज्य सूचीत आहेत. कामगार आणि सामाजिक सुरक्षा समवर्ती सूचीत आहेत. मशीन कसे बनवायचे ते केंद्राने पाहावे. पण राज्याच्या पोलीस ठाण्यात, तहसीलमध्ये, बाजार समितीत ते मशीन माणसाबद्दल निर्णय घेते, तेव्हा तो निर्णय राज्याचाच असतो. कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांचा कायदा केला आणि त्यात लिहिले की काम वाटणारी, पैसे ठरवणारी स्वयंचलित प्रणाली कशी चालते हे कंपनीने कामगाराला सांगितले पाहिजे. म्हणजे शेजारच्या राज्याने दार किलकिले केलेच आहे. आणि महाराष्ट्राला कोणाच्या मागे जायची सवय कधीपासून लागली? माहितीच्या अधिकाराचा कायदा इथे २००२ साली झाला, देशाचा २००५ ला आला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा २०१६ साली सर्वांत आधी आपल्याच विधिमंडळाने केला. बहिष्कार हा गुन्हा ठरवा, ही मागणी बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडली होती.

दुसरा आक्षेप गुंतवणुकीचा. कायदा केला तर कंपन्या पळतील, हिंगोलीच्या पोराला पुण्यात नोकरी मिळणार नाही. अमेरिकेत हेच वाद चालू आहेत. कोलोरॅडो राज्याने मे २०२४ मध्ये कायदा केला : नोकरी, घर, कर्ज, सरकारी सेवा यांबाबत एआयने विरोधी निर्णय दिला तर माणसाला कारण, दुरुस्ती आणि माणसाकडे अपील मिळाले पाहिजे. उद्योगांनी आरडाओरडा केला आणि अंमलाची तारीख पुढे गेली. राज्यांना दहा वर्षे असे कायदे करूच द्यायचे नाहीत, अशी तरतूद संसदेत आणली गेली, ती जुलै २०२५ मध्ये सिनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकली. डिसेंबरात ट्रम्प यांनी राज्यांच्या कायद्यांना आवर घालायचा आदेश काढलाच. तरी इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२६ पासून कायदा लागू आहे, आणि त्यात एक ओळ आपल्या कामाची आहे : नोकरी देताना एआयमध्ये पिनकोड वंशाच्या जागी वापरायचा नाही. भीमनगरचा प्रश्न त्यांनी त्यांच्या शिकागोसाठी सोडवला.

पण तिकडचा कायदा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. त्यांच्या यादीत वंश आहे, लिंग आहे, जात नाही. ज्या कॅलिफोर्नियात हे एआय बनते तिथे जातिभेदाविरुद्धचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारले. त्याच न्यूसम यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये एआयच्या सुरक्षिततेचा कायदा सहीने पक्का केला. जात हा शब्द तिकडून लिहून येणार नाही. तो इथेच लिहावा लागेल, मुंबईत नाहीतर नागपुरात.

आमच्या अभ्यासवर्गात आम्ही कच्चा मसुदा केला आहे, तो वकील मित्रांना दाखवतो आहोत. त्यातली मुख्य गोष्ट मावशींच्या चौथ्या खेपेतून आली. यादीतून नाव काढण्याआधी मराठीत लेखी नोटीस, कारणासह, आणि त्या नोटिशीखाली एका जिवंत अधिकाऱ्याचे नाव आणि सही. सिस्टिमची सही चालणार नाही. म्हणणे ऐकले जाईपर्यंत धान्य किंवा पैसे थांबवायचे नाहीत. चूक निघाली तर थकबाकी भरपाईसह. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात सेवेला मुदत आणि हयगयीला दंड आहे; तोच सांगाडा इथे वापरता येतो. सरकार कोणती प्रणाली कोणत्या कामाला वापरते, कोणत्या कंपनीकडून घेतली, किती पैशांना, ही नोंदवही सर्वांना पाहता आली पाहिजे. दरवर्षी तिच्या निर्णयांची जातवार तपासणी व्हावी, आणि तपासणाऱ्यांत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त यांचे लोक असावेत, नुसते कंपनीचे इंजिनियर नकोत. आडनाव आणि वस्ती यांचा जातीच्या जागी वापर केला तर तो भेदभावच समजावा. आणि दोषी ठरल्यावर कंपनी अधिकाऱ्याकडे आणि अधिकारी कंपनीकडे बोट दाखवू लागला तर दोघेही जबाबदार.

तपासात किंवा संशयित ठरवताना मशीन वापरायचे की नाही, यावर आमच्यात एकमत नाही. काही जण म्हणतात की पारधी आणि मुस्लिम वस्त्यांच्या जुन्या नोंदी धुतल्याशिवाय पूर्ण बंदीच हवी. काही जणांना वाटते की बंदीची मागणी केली तर सगळा मसुदाच केराच्या टोपलीत जाईल. हे पान लिहीपर्यंत वाद मिटलेला नाही, आणि तो तुमच्याही गावात व्हावा असे आम्हाला वाटते.

सध्या दोन कामे हातात घेतली आहेत. एक, जिल्ह्यातल्या प्रत्येक तहसीलमध्ये माहिती अधिकाराचा अर्ज, त्यात तीनच प्रश्न : गेल्या वर्षी कोणत्या योजनेतून किती नावे वगळली, वगळण्याआधी किती जणांना नोटीस दिली, आणि ही नावे ज्या प्रणालीने सुचवली तिच्या कराराची प्रत. व्यक्तींची खासगी माहिती आम्ही मागत नाही, तेव्हा २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याकडे बोट दाखवून अर्ज फेटाळला तर अपिलात जायचे. दुसरे, नरसीच्या येत्या ग्रामसभेत मागणी मांडायची आणि तिची प्रत घेऊन आमदारांना भेटायचे. सरकार विधेयक आणत नसेल तर कोणताही सदस्य अशासकीय विधेयक मांडू शकतो. ग्रामसभेत होईल तो ठरावच असेल, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून त्याच्यासोबत मावशींसारख्या कटलेल्या नावांची यादी जोडतो आहोत, त्यांना विचारून, त्यांच्या अंगठ्यासह. आतापर्यंत आमच्या आणि शेजारच्या दोन वस्त्या झाल्या. सेनगाव आणि औंढ्याच्या बाजूची घरे अजून राहिली आहेत. तिकडच्या मित्रांनी फॉर्म घेऊन जावेत.